तीस पाखरे आणि अगस्त्याचा तारा



प्रवचन संपते, आरती होते, बुक्का लावून मंडळी पांगू लागतात, तेव्हा पायरीपाशी दोन-चार तरुण घोटाळत उभे असतात. त्यांना काही विचारायचे असते, पण ते सभेत विचारण्याजोगे वाटलेले नसते. अलीकडे या पायरीवरच्या प्रश्नांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला असा : माळ घातली आहे, एकादशी चुकत नाही, हरिपाठ तोंडपाठ आहे, पण मौलाना रूमी वाचले की डोळे भरून येतात, कव्वाली ऐकली की अंगावर काटा उभा राहतो. हे चालते का? दुसरा असा : परग्रहांवरच्या, काळाच्या उलट्यासुलट्या प्रवासाच्या विज्ञान-कादंबऱ्यांचे वेड आहे, घरचे म्हणतात, असल्या खोट्या गोष्टींत रात्री जागवण्यापेक्षा गाथा उघड. आणि पुष्कळदा हे दोन्ही प्रश्न एकाच मुलाचे, एकाच मुलीचे असतात.

एकाच मनाला या दोन गोष्टी का ओढाव्यात? एकीकडे सातशे-आठशे वर्षांपूर्वीचे फारसी काव्य, दुसरीकडे कालपरवाची अंतराळयाने. वरवर पाहता काही संबंध दिसत नाही. पण इतिहास चाळला तर दिसते, की हे दोन्ही छंद एकाच घरात पूर्वीपासून नांदत आले आहेत. आज आपण त्या घराचा थोडा फेरफटका मारू. ज्यांना हे विषयांतर वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा. वाट लांबची असली तरी आपल्या ओळखीचीच आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या संप्रदायाला नव्याने शोधायचे नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद जन्माने मुसलमान. त्यांचे गुरू चांद बोधले कादरी सूफी परंपरेतले. त्यांनी 'योगसंग्राम' हा मराठी ग्रंथ शके १५६७ मध्ये, म्हणजे इसवी सन १६४५ मध्ये पुरा केला. त्या वेळी देहूत तुकोबारायांचे कीर्तन चालू होते. याच चांद बोधल्यांचा अनुग्रह जनार्दनस्वामींना होता असे परंपरा सांगते, आणि जनार्दनस्वामी म्हणजे आपल्या नाथमहाराजांचे सद्गुरू. नाथांचे 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड आपण ऐकले असेल. दोघे कडाकडा भांडतात, एकमेकांच्या धर्मातली उणी काढतात, आणि शेवटी एकमेकांना मिठी मारतात. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या नावाचा एक ग्रंथच लिहिला. तो वाचल्यावर ही माणसे अपवाद म्हणून आली नव्हती, हे ध्यानात येते. तेव्हा रूमींची ओळ ऐकून ज्याचा कंठ दाटतो, त्याने माळेला हात लावून घाबरायचे कारण नाही.

एक शब्द पाहा. 'उरूस' हा शब्द आपण जत्रेच्या अर्थाने सहज वापरतो. मूळ अरबी शब्द लग्नाचा आहे. संतपुरुषाचा देह पडला की त्याचे परमेश्वराशी लग्न लागले, असे सूफी मानतात, म्हणून पुण्यतिथीला उरूस. रूमी १७ डिसेंबर १२७३ रोजी आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्या गावी वारले, आणि ती रात्र आजही 'लग्नाची रात्र' म्हणून पाळली जाते. त्या वर्षी आपले नामदेवराय तीन वर्षांचे होते. ज्ञानोबारायांचा जन्म त्यानंतर दोनच वर्षांनी, शके ११९७ मध्ये झाला, असे आपण सामान्यतः मानतो. जगाच्या दोन टोकांना एकाच सुमाराला हे चालले होते. आपल्याकडे समाधिसोहळा, तिकडे लग्नसोहळा. मृत्यूला सोहळा म्हणणारी माणसे एकमेकांना न भेटताही एकमेकांची असतात.

आता पाखरांची गोष्ट. ही मात्र सावकाश सांगितली पाहिजे.

इराणात निशापूर गावी फरीदुद्दीन अत्तार नावाचे कवी होऊन गेले. 'अत्तार' हे त्यांच्या धंद्याचे नाव. औषधे आणि सुगंधी द्रव्ये यांचे त्यांचे दुकान होते. इसवी सन ११७७ च्या सुमारास त्यांनी 'मंतिक-उत-तैर', म्हणजे पाखरांचे बोल, हे काव्य लिहिले. जगातली सारी पाखरे एकदा जमतात. प्रत्येक राज्याला राजा आहे, मग आपला राजा कुठे? हुदहुद पुढे येतो. आपल्याकडे त्याला हुदहुद्या म्हणतात. डोक्यावर तुरा असलेला, अंगणात चोचीने माती उकरणारा पक्षी. तो सांगतो, राजा आहे, त्याचे नाव सीमुर्ग. पण तो फार दूर आहे आणि वाटेत सात दऱ्या आहेत. हे ऐकताच सबबी सुरू होतात. बुलबुल म्हणतो, माझे गुलाबाविना होणार नाही. बदक म्हणते, मला पाणी सोडवत नाही. घुबडाला पडक्या वाड्यातले धन राखायचे आहे. ससाण्याला राजाच्या मनगटाची जागा जाईल अशी भीती. चिमणी म्हणते, माझ्यात कुठली ताकद? आषाढीच्या आधी आपल्या गावात हिंडून पाहा, हीच पाखरे भेटतील. एकाची पेरणी राहिली आहे, एकाचे गुडघे धरले आहेत, एकाच्या मुलीचे जमायचे आहे. हुदहुद प्रत्येकाला उत्तर देतो. रागावत नाही, पण सोडतही नाही.

मग ती निघतात. शोध, प्रेम, ज्ञान, निरिच्छता, एकत्व, विस्मय, आणि शेवटी दैन्य व लय, अशा त्या सात दऱ्या. हजारो निघाली, पोचली तीस. तीही पिसे झडलेली, अर्धमेली. राजद्वारी चोपदार त्यांना परत जा म्हणतो. ती हलत नाहीत. अखेर पडदा सरतो, आणि पाखरांना समोर स्वतःच दिसतात. फारसीत 'सी' म्हणजे तीस आणि 'मुर्ग' म्हणजे पाखरू. राजाचे नाव आणि यात्रेकरूंची मोजदाद एकच निघते. अत्तारांनी साऱ्या काव्याचे वजन या एका श्लेषावर तोलून धरले आहे. आपल्याकडे देव पाहायला जाऊन स्वतःच देव झाल्याचा अनुभव संतांनी सांगितला, तेव्हा ही कथा आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. मला मात्र तिच्यातली एक गोष्ट विशेष वाटते. एकट्या पाखराला सीमुर्ग दिसला नसता. तीस हवीत. म्हणजे दिंडी हवी.

याच बाराव्या शतकात, अरबी सत्तेखालच्या स्पेनमध्ये, इब्न तुफैल नावाच्या वैद्याने एक गद्य कथा लिहिली. हिंदुस्थानच्या बेटांपैकी एका ओसाड बेटावर हय नावाचे मूल एकटे वाढते, हरिणीच्या दुधावर. हरिणी मरते तेव्हा तिच्यातून काय निघून गेले हे शोधायला तो मुलगा तिचे काळीज उघडून पाहतो. एक कप्पा रिकामा सापडतो. मग तो प्राणी पाहतो, अग्नी पाहतो, तारे पाहतो, आणि कोणी न शिकवता एका निर्मात्यापर्यंत पोचतो. विज्ञानकथेच्या पूर्वजांत अनेक अभ्यासक या कथेची गणना करतात. १६७१ मध्ये तिचे लॅटिन भाषांतर इंग्लंडात छापले गेले आणि युरोपभर वाचले गेले. थोडक्या पानांत शरीरशास्त्र, खगोल आणि ध्यान यांची अशी सरमिसळ मी दुसरीकडे वाचलेली नाही. असो.

आता एकदम आठशे वर्षे पुढे येऊ, कारण अत्तारांची पाखरे पुन्हा उडालेली आपल्याला तिथे पाहायची आहेत.

डोरिस लेसिंग हे नाव आपल्यापैकी काहींनी २००७ साली वर्तमानपत्रात वाचले असेल. त्या वर्षीचे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. त्यांचा जन्म १९१९ मध्ये इराणातल्या केरमानशाह गावचा. वडील इंग्रज, पहिल्या महायुद्धात एक पाय गमावलेले, तिथल्या बँकेत नोकरीला. पुढे कुटुंब आफ्रिकेत, आजच्या झिंबाब्वेत, शेती करायला गेले. बाई लेखिका झाल्या, साम्यवादी झाल्या, साम्यवादातून बाहेर आल्या. नंतर १९६० च्या दशकात त्यांनी सूफी विचार शिकायला घेतला. त्यांचे शिक्षक इद्रीस शाह. यांचा जन्म आपल्या सिमल्याचा, १९२४ मधला. त्यांच्या 'द सूफीज' या १९६४ च्या पुस्तकाने युरोप-अमेरिकेत अनेकांना सूफी काव्याच्या दाराशी आणले.

मग साठीला आलेल्या या लेखिकेने एक गोष्ट केली, जी तिच्या चाहत्यांना रुचली नाही. ती अंतराळाच्या कादंबऱ्या लिहू लागली. १९७९ ते १९८३ या काळात पाच कादंबऱ्या झाल्या. एवढी मोठी लेखिका हे काय पोरखेळ करते आहे, असे टीकाकारांनी म्हटले. बाईंनी माघार घेतली नाही. विज्ञानकथा जगातल्या पवित्र ग्रंथांकडे जेवढ्या धिटाईने पाहते तेवढे दुसरे कोणते साहित्य पाहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पायरीवरच्या त्या तरुणाच्या दोन्ही आवडी या एका बाईंच्या ठिकाणी आपल्याला एकत्र सापडतात, आणि त्या आपल्याच भाषेत उलगडून पाहण्यासारख्या आहेत.

या मालिकेत एका दूरच्या ताऱ्यावरून पृथ्वीची काळजी वाहिली जाते. इंग्रजीत त्याचे नाव कॅनोपस. आपण त्याला अगस्त्य म्हणतो. होय, तोच दक्षिणेकडे खाली उगवणारा तेजस्वी तारा, ज्याच्या उदयाने पाणी निवळते असे आपले जुने लोक मानीत. त्या ताऱ्यावरून पृथ्वीकडे एक सत्त्व वाहत असते. बाईंनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थ सांगायचा तर 'आपण-पणाचे सत्त्व'. ते पुरेसे पोचते तोवर माणसे सुखाने नांदतात. ग्रहांची जुळणी बिघडते, ते सत्त्व आटते, आणि माणूस माणसाच्या जिवावर उठतो. तेव्हा पृथ्वीचे जुने नाव पुसून तिला नवे नाव मिळते : 'शिकास्ता'. फारसी 'शिकस्ता', म्हणजे मोडलेली. आपण मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणतो तोच हा शब्द. फारसीतून येताना त्याचा अर्थ आपल्याकडे पार पालटला. तिकडे मोडून पडणे, आपल्याकडे मोडेपर्यंत झटणे.

'आपण-पणाचे सत्त्व' हे ऐकून वारकऱ्याला वेगळे निरूपण लागेल का? रिंगणात घोडा धावतो, हजारो माणसे एका श्वासाने पाहतात, आणि शेजारी उभा कोण हे क्षणभर कोणी विचारत नाही. ते काय असते? वारी संपून गाडीत जागेवरून भांडण लागते, तेव्हा काय आटलेले असते?

मालिकेतली चौथी कादंबरी १९८२ मधली, आकाराने लहान. आठवा ग्रह नावाचा एक ग्रह, उबदार, हिरवा. त्यावर बर्फ चालून येते. अगस्त्यावरच्या लोकांनी आधीच सांगून एक प्रचंड भिंत बांधून घेतलेली असते, आणि आश्वासन दिलेले असते की तुम्हाला सर्वांना पृथ्वीवर नेऊ. पण पृथ्वी मोडली. आता नेणार कुठे? याने येत नाहीत. एकटा एक दूत येतो, सुटकेचे साधन न घेता, आणि त्यांच्यात राहून त्यांच्याबरोबर गारठतो, उपाशी राहतो. या लोकांत नाव हे कामाला चिकटलेले असते. आठवण राखणाऱ्याचे एक नाव. जो आठवण राखील तो त्या नावाचा. आपल्या दिंडीत वीणा ज्याच्या गळ्यात तो विणेकरी, तसेच. शेवटी थोडेसे जण उरतात. ते ध्रुवाकडे चालत निघतात. तिथे काही मिळेल म्हणून नव्हे. चालायचे, एवढेच उरलेले असते. एकेक गळतो. देह सुटतात. आणि पलीकडे जे जाते ते अनेक नसून एक असते, ज्याच्यात सगळे आहेत.

लेसिंग यांनी अत्तारांकडून हे उचलले असे मी म्हणत नाही. दक्षिण ध्रुवाच्या बर्फात प्राण सोडलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीचा त्यांच्या मनावर मोठा ठसा होता आणि त्याविषयी त्यांनी त्याच पुस्तकाच्या शेवटी लिहिले आहे. पण तीस पाखरे ज्याने वाचली आहेत, त्याला ही चाल ओळखीची वाटल्याशिवाय राहत नाही.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख एकांगी होईल. इद्रीस शाह यांच्यावर विद्वानांनी कडक आक्षेप घेतले. सूफी विचार इस्लामपासून सोडवून, जणू कोणत्याही मातीत लावता येणारे कलम करून त्यांनी पश्चिमेला दिले, हा त्यांतला मुख्य. रूमींच्या कवितांची आज जगभर खपणारी अनेक भाषांतरे याच जातीची आहेत. सुमारे पंचवीस हजार बैतांच्या मसनवीत कुराणाचे दाखले पानोपानी आहेत. भाषांतरात ते गळतात, आणि उरते ते शुभेच्छापत्रावर छापण्याजोगे प्रेम. आपल्याला याचा राग समजू शकतो. अभंगातला विठ्ठल काढून कोणी तो नुसता 'मनःशांतीसाठी' म्हणून विकला, तर आपल्याला कसे वाटेल? पांडुरंग नको, एकादशी नको, वाळवंट नको, फक्त चाल तेवढी गोड! म्हणून पायरीवरच्या त्या मुलांना माझे सांगणे असते : रूमी वाचा, जरूर वाचा, पण पाच वेळा नमाज पढणारे, कुराण जन्मभर शिकवणारे रूमी वाचा. पाहुण्याला घरात घ्यायचे तर त्याच्या नावाने हाक मारून घ्यावे.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो : खोट्या गोष्टींत वेळ घालवावा का? आपण भागवताचा नववा स्कंध काढा. ककुद्मी राजा आपली लेक रेवती हिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. वर कोणता पाहावा हे ब्रह्मदेवाला विचारायचे असते. तिथे गाणे चाललेले असते, म्हणून तो जरा थांबतो. गाणे संपल्यावर विचारतो, तर ब्रह्मदेव सांगतात : राजा, तू ज्यांची नावे मनात धरून आलास ते कधीच गेले, त्यांचे नातू-पणतूही गेले, पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. पुढे रेवती बलरामदादांना दिली. मुसलमान भाविकांत याच्या नेमकी उलट कथा आहे. पैगंबर मेराजच्या रात्री सात आसमान ओलांडून परमेश्वराच्या सन्निध गेले आणि परतले, तेव्हा अंथरूण अजून उबदार होते, कलंडलेल्या भांड्यातले पाणी अजून सांडत होते, असे सांगतात. एकीकडे क्षण गेला तर युगे सरली. दुसरीकडे आसमाने पालथी घातली तर क्षणही सरला नाही. दोन्ही कथा सांगतात, की तुझ्या घड्याळातला काळ हा एकच काळ नव्हे.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली : 'कृष्णविवर'. तिला पहिले बक्षीस मिळाले. लेखक निघाले डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी फिरवून त्यांनी टोपणनाव घेतले होते. कृष्णविवराजवळ काळ संथ होतो या शास्त्रातल्या गोष्टीवर ती कथा उभी आहे. नारळीकर भाविक म्हणून लिहीत नव्हते, आणि ओढूनताणून त्यांना आपल्या दिंडीत उभे करणे योग्य नव्हे. आपल्या पुराणांत सगळे विज्ञान आधीच होते, असेही मी म्हणणार नाही. तसे म्हटल्याने ना पुराणाचा मान वाढतो ना विज्ञानाचा. पण ककुद्मीची कथा कीर्तनात रमून ऐकणाऱ्या आजीने नातवाच्या हातातल्या कादंबरीला नाक मुरडू नये, एवढे तरी खरे ना?

आणि आता दिल्लीतला एक वाद ऐका. तो वाचून पहिल्यांदा मी थक्क झालो होतो.

१८५७ पूर्वीची दिल्ली. मौलवींमध्ये मोठा प्रश्न पेटला होता : परमेश्वर सर्वशक्तिमान आहे, तर महंमद पैगंबरांसारखा दुसरा तो निर्माण करू शकेल की नाही? एक पक्ष म्हणे, त्याने मनात आणले तर क्षणात करील. दुसरा पक्ष म्हणे, अखेरचा पैगंबर एकच असतो, दुसरा 'अखेरचा' ही गोष्टच असंभव. या दुसऱ्या पक्षाचे धुरीण मौलाना फज्ले हक खैराबादी; पुढे इंग्रजांनी त्यांना अंदमानात धाडले आणि १८६१ मध्ये ते तिथेच वारले. त्यांनी आपले स्नेही मिर्झा गालिब यांना गळ घातली, की आमची बाजू मांडणारे एक काव्य लिहा. गालिबांना अशा वादात रस नव्हता, पण मित्राचा शब्द. त्यांनी लिहिले, आणि लिहिता लिहिता भलतेच लिहून गेले. या जगात दुसरा अखेरचा पैगंबर नाही होणार, हे खरे. पण परमेश्वराने दुसरे जग निर्माण केले तर? मग प्रत्येक जगाचा आपला एक! मौलाना अस्वस्थ झाले. हे काढून टाका म्हणाले. गालिबांनी पुढे ओळी जोडल्या, की जगे हजार असली तरी अखेरचा एकच. ही हकीकत गालिबांचे शिष्य हाली यांनी १८९७ च्या 'यादगारे गालिब'मध्ये नोंदवली आहे.

आकाशात इतर जगे असतील तर तिथे देव कसा पोचतो, हा आज विज्ञान-कादंबऱ्यांचा ठेवणीतला विषय मानला जातो. इथे तो जुन्या दिल्लीत, एका भक्तिकाव्याच्या पोटात, मित्राच्या आग्रहाखातर उमटला. आपल्याला त्याचे फारसे नवल वाटणार नाही, कारण अनंत ब्रह्मांडे ज्याच्या उदरी त्यालाच आपण विटेवर उभा पाहतो. प्रत्येक ब्रह्मांडात एक पंढरी असेल का, हे मात्र कोणी गालिब आपल्यालाही विचारू शकतो.

गालिब १८६९ मध्ये गेले. त्यानंतर त्रेसष्ट वर्षांनी, १९३२ मध्ये, त्यांना हा प्रश्न पुन्हा विचारला गेला, आणि तोही दुसऱ्या ग्रहावर. विचारणारे महंमद इकबाल. राजकारणात त्यांची वाट पुढे कुठे गेली हे आपण जाणतो, आणि ती मला पटत नाही. परंतु कवी म्हणून त्यांचे पूर्वज काश्मिरी ब्राह्मण होते, गुरू रूमी होते, आणि 'जावेदनामा' हे त्यांचे फारसी काव्य म्हणजे ग्रहमालेतली एक पदयात्राच आहे. संध्याकाळी नदीकाठी कवी रूमींचे बोल आळवतो. डोंगराआडून रूमी प्रकट होतात. आणि ते त्याला चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी असे मुक्कामामागून मुक्काम नेतात. चंद्रावर एका गुहेत जटा बांधलेला, उघड्या अंगाचा एक ऋषी बसला आहे, भोवती पांढरा साप. त्याचे नाव 'जहान-दोस्त'. विश्वाचा मित्र, म्हणजे आपले विश्वामित्र. रूमी त्यांच्याशी आदराने तत्त्वचर्चा करतात. मंगळावर वेधशाळेतून पांढऱ्या दाढीचा ज्योतिषी बाहेर येतो आणि आपले नगर दाखवतो. तिथे कोणी भिकारी नाही, कोणी धनी-चाकर नाही. धुराने आकाश काळवंडलेले नाही. तिथले लोक सूर्यप्रकाशातून संपत्ती काढतात, जसे आपण खाऱ्या पाण्यातून मीठ काढतो. रोहिदासांच्या बेगमपुऱ्याची आठवण ज्याला होणार नाही त्याने रोहिदास वाचलेले नसावेत.

आणि मग गुरू ग्रह. तिथे तीन आत्मे भेटतात. एक मन्सूर हल्लाज, ९२२ मध्ये बगदादेत ज्यांना देहदंड झाला. दुसरी इराणची कवयित्री ताहिरा, १८५२ मध्ये तेहरानात मारली गेलेली. तिसरे मिर्झा गालिब. अंगावर लाल फुलांच्या रंगाचे झगे, चेहऱ्यावर आतली आच. या तिघांना स्वर्ग देऊ केला होता. त्यांनी तो नाकारला आणि सदा हिंडत राहणे पत्करले. वाचकहो, मुक्ती पायाशी आली असता ती बाजूला सारून पुन्हा जन्म आणि संतसंग मागणारे आपले संत आठवा, म्हणजे या तिघांची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही. हल्लाज सांगतात, की स्वर्ग हा धर्मपंडितांचा. प्रेमिकाला चालणेच हवे.

कवी गालिबांना विचारतो : जगे अनेक असतील तर पैगंबर किती? गालिब प्रथम टाळतात. कवी सोडत नाही. तेव्हा ते एवढेच सांगतात, की जिथे जिथे जगाची गजबज उठते तिथे तिथे त्या जगावरची करुणाही असते. कवी म्हणतो, मला कळले नाही, अजून उघड करून सांगा. गालिब म्हणतात, याहून उघड सांगणे चूक ठरेल. मग हल्लाज पुढे होऊन तो प्रश्न आपल्याकडे घेतात, बोलणे लांबते, आणि रूमी वाटेकडे पाहत थांबून राहतात. पुढचा मुक्काम शनीचा असतो.